उन्हाळ्यात टायरची हवा कमी करू नका
ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की सल्ला मिळतो: "हवा चार-पाच पॉइंट कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल." हे साफ उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, रबर आतून तापतं आणि हायवेवर वेगात तोच टायर फुटतो. उष्णतेने दाब वाढतो हे खरं, दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, बोलण्यातला 'पॉइंट'). पण गाडीच्या कंपनीने सांगितलेला दाबाचा आकडा तो हिशेब धरूनच असतो. तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर बघा, टायरवर कोरलेला नव्हे. टायरवरचा आकडा कमाल मर्यादेचा. मोजायचं सकाळी, गाडी तीन तास उभी असताना. तापलेल्या टायरची हवा तर मुळीच सोडू नका. दोन्ही कडांची नक्षी मधल्यापेक्षा जास्त झिजलेली दिसली, तर गाडी बरेच दिवस कमी हवेवर धावली आहे.