नॉमिनी म्हणजे मालक? नाही हो

इंदूरला आमच्या फॅमिली ग्रुपवर अधूनमधून तोच मेसेज फिरतो, एफडीवर ज्याचं नाव नॉमिनी, पैसा त्याचाच. असं वाटणं साहजिक आहे, बँक पैसे त्यालाच देते ना. पण तो ते वारसांच्या वतीने ताब्यात घेतो, त्याने बँकेची जबाबदारी संपते, वारसांचा हक्क संपत नाही. मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर हिंदू पुरुषामागे बायको, मुलगे, मुली, आई सगळ्यांना सारखा वाटा, मुलगी लग्न होऊन बडोद्याला गेली असली तरी. (विम्याचं वेगळं, २०१५च्या दुरुस्तीनंतर नवरा-बायको, आईवडील, मुलं नॉमिनी असतील तर रक्कम सहसा त्यांचीच.) खात्री करायची तर १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातलं कलम ८, १० आणि शेवटची अनुसूची बघा, चहा संपेपर्यंत वाचून होतं.