प्रोटॉन एनएमआर : स्प्लिटिंगचे भाकीत

रेणूतील हायड्रोजनचा शेजार पाहून त्याचा एनएमआर (अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन) संदेश किती रेषांत फुटेल हे आधीच सांगणे, म्हणजे स्प्लिटिंगचे भाकीत. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथील विद्यापीठांत सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्यांना आणि नेट-सेटला बसणाऱ्यांना हा भाग चुकत नाही.

प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे अणुकेंद्र, हा अतिसूक्ष्म चुंबक असतो. शेजारच्या कार्बनवरचा प्रोटॉन बाह्य क्षेत्राच्या दिशेने आहे की उलट, याचा परिणाम मधल्या बंधांतील इलेक्ट्रॉनांमार्फत पोचतो. अवस्था दोन, म्हणून एका शेजाऱ्यामुळे संदेशाच्या दोन रेषा होतात (डब्लेट). दोन सारखे शेजारी असले तर १:२:१ उंचीचा ट्रिप्लेट मिळतो. मधली रेषा दुप्पट, कारण एक वर आणि एक खाली ही स्थिती दोन प्रकारे येते. तीन शेजाऱ्यांमुळे १:३:३:१ क्वार्टेट. हाच ‘एन + १’ नियम : सारखे शेजारी एन, तर रेषा एन + १. एकमेकांशी सममूल्य असलेले प्रोटॉन मात्र एकमेकांना फोडत नाहीत.

१९५१ साली स्टॅनफर्ड येथे आर्नल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथेनॉलमधील तीन प्रकारच्या प्रोटॉनांचे तीन वेगळे संदेश नोंदवले. यांतील एस. एस. धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआरचे काम उभे केले. त्या पहिल्या नोंदीत रेषा फुटलेल्या दिसत नव्हत्या. तेवढी सुस्पष्टता नंतर आली.

प्रयोगशाळेत ‘एन + १’ची सर्वांत नेहमीची भेट नको असताना होते. मिश्रण वेगळे करणाऱ्या कॉलमला द्रावक म्हणून वापरलेला इथाइल ॲसिटेट पुरता उडाला नाही, की क्लोरोफॉर्म-डी या (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेल्या) द्रावकातील वर्णपटात ४.१२ पीपीएमला (हे संदेशाचे वर्णपटातले स्थान) क्वार्टेट, २.०५ला सिंग्लेट (न फुटलेली एकच रेषा) आणि १.२६ला ट्रिप्लेट हजर. सिंग्लेट ॲसिटाइलच्या मिथाइलचा, कारण त्याच्या शेजारच्या कार्बोनिलवर हायड्रोजनच नाही.

रेषा मोजून परीक्षेतला प्रश्न सुटतो, पण संयुगाची ओळख पटते ती जे-मूल्यावरून. फुटलेल्या रेषांमधले हे अंतर हर्ट्‌झमध्ये मोजतात आणि यंत्र ३०० मेगाहर्ट्‌झचे असो वा ४००चे, ते तेच राहते. दुहेरी बंधावर ट्रान्स (विरुद्ध बाजूंच्या) प्रोटॉनांसाठी ते बहुधा १४ ते १८, सिससाठी (एकाच बाजूच्या) ६ ते १२. बेंझिन वलयावर ऑर्थो (लगतच्या कार्बनवरचे) ७ ते ९, मेटा (एक कार्बन सोडून) १ ते ३.

हे सगळे एकाच रेणूत पाहायचे, तर हिंगोली-वसमतच्या हळदीतील कर्क्युमिन घ्यावे. शिकवायला याहून चांगला रेणू मिळणे कठीण. द्रावणात तो मुख्यतः ईनॉल (दुहेरी बंधाच्या कार्बनवर ओएच असलेल्या) रूपात असतो आणि त्याची दोन्ही टोके सारखी दिसतात. क्लोरोफॉर्म-डीमध्ये ७.५९ आणि ६.४८ असे दोन डब्लेट येतात, दोन्हींचे जे-मूल्य सुमारे १५.८ हर्ट्‌झ. मूल्य जुळले, म्हणून हे दोघे एकमेकांचे शेजारी, १५.८ आहे, म्हणून बंध ट्रान्स. वलयावरचा ७.१२चा प्रोटॉन खरी परीक्षा घेतो. त्याला शेजारी दोन, म्हणून ट्रिप्लेट म्हणावासा वाटतो. पण एक ऑर्थो (८.२ हर्ट्‌झ) आणि दुसरा मेटा (१.८ हर्ट्‌झ), त्यामुळे जवळपास सारख्या उंचीच्या चार रेषा मिळतात : डब्लेट ऑफ डब्लेट्स. शेजारी सारख्याच जे-मूल्याचे असतील तेव्हाच ‘एन + १’ लागू पडतो, हे इथे डोळ्यांनी दिसते. मधल्या कार्बनवरचा एकटा प्रोटॉन ५.८०ला आणि मिथॉक्सीचे सहा ३.९५ला सिंग्लेट देतात.

दोन शेजाऱ्यांच्या संदेशांमधले अंतर जे-मूल्याच्या साधारण दहापटीहून कमी झाले, की नियम ढळू लागतो. जोडीदाराकडच्या रेषा उंच होतात, दूरच्या बुटक्या. जास्त मेगाहर्ट्‌झच्या यंत्रावर हेच संदेश एकमेकांपासून लांब जातात आणि नियम पुन्हा लागू पडतो.

ओएचचे वागणे द्रावकावर ठरते. आम्लाचा किंवा ओलाव्याचा अंश असला, तर इथेनॉलचा ओएच प्रोटॉन झपाट्याने अदलाबदल करतो आणि सिंग्लेट देतो. डीएमएसओ-डी६ या द्रावकात ती अदलाबदल मंदावते : ओएच ट्रिप्लेट होतो, आणि शेजारच्या मिथिलीनचा (सीएच२) क्वार्टेट आणखी फुटून पाच रेषांसारखा दिसतो.