डेटाबेस जोडणीतील बिघाडाचे निदान

डेटाबेस सर्व्हरशी क्लायंटची जोडणी होत नसेल, तर ती कोणत्या टप्प्यावर अडली आहे हे शोधून काढण्याची पद्धत. क्लायंट म्हणजे सर्व्हरकडे डेटा मागणारा कोणताही प्रोग्रॅम. आज्ञा टंकून चालवायचे साधन, खिडक्या-मेनू असलेले साधन, संकेतस्थळामागे चालणारा कोड किंवा रात्री आपोआप सुटणारी बॅकअपची स्क्रिप्ट, हे सगळे क्लायंटच.

‘कनेक्ट होत नाही’ ही तक्रार एकच असली तरी तिच्यामागची कारणे एकमेकांना ओळखतही नसतात. यंत्राचे नाव टंकताना चुकलेले असते, सर्व्हर बंद असतो, जाळ्यावरील ये-जा गाळणारी फायरवॉल वाट अडवते, पासवर्ड कालच कोणीतरी बदललेला असतो, किंवा डिस्क भरल्यामुळे सर्व्हर पुन्हा उठलेलाच नसतो. जोडणीचे टप्पे मात्र सगळीकडे जवळपास तेच असतात. नावावरून पत्ता मिळतो, त्या पत्त्याच्या ठरावीक पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या एका क्रमांकित दारावर, टीसीपी या संवादनियमांनी जोडणी होते, ठरले असेल तर संवाद कूटबद्ध होतो, मग सर्व्हर वापरकर्त्याची ओळख तपासतो आणि शेवटी मागितलेला डेटाबेस उघडून देतो. म्हणून निदानात पहिला प्रश्न ‘काय बिघडले’ हा नसतो. समोर दिसणारा संदेश कोणाचा आहे, हा असतो. ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असे सर्व्हरने सांगितले, तर नाव, पत्ता, पोर्ट, फायरवॉल हे सगळे त्याच क्षणी निर्दोष सुटतात, कारण ते पार करूनच क्लायंट तिथवर पोहोचलेला असतो. तरीही नेमक्या अशाच वेळी फायरवॉल बंद करून पाहणारे लोक कमी नाहीत.

नकार आणि मौन

सर्व्हरपर्यंत पोहोचण्याआधीच जोडणी फसली, तर संदेश क्लायंटच्या यंत्रावरील ऑपरेटिंग सिस्टिमकडून येतो. त्यात दोन प्रकार सर्वाधिक भेटतात, आणि त्यांची गल्लत फार होते. पहिला ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. लिनक्सवर त्याचा क्रमांक १११, विंडोजवर १००६१. हा संदेश क्षणार्धात येतो. समोरचे यंत्र जिवंत आहे, निरोप पोहोचला, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही, असा त्याचा बहुतेक वेळा अर्थ असतो. सर्व्हर सुरू नसेल, तो वेगळ्या पोर्टवर असेल किंवा फक्त स्वतःच्या यंत्रापुरता ऐकत असेल. काही फायरवॉलही असा स्पष्ट नकार देतात, पण ते त्या मानाने क्वचित.

दुसरा ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. लिनक्सवर ११०, विंडोजवर १००६०. इथे उत्तरच आलेले नसते. क्लायंट पहिले पाकीट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, पाठवतो आणि उत्तर न आल्यास अंतर वाढवत तेच पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. लिनक्सच्या मूळ मांडणीत हे सहा वेळा होते, त्यामुळे हात टेकायला दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. बहुतेक क्लायंट स्वतःची मुदत लावून त्याआधीच थांबतात. मौनाचे कारण सहसा पाकीट गुपचूप टाकून देणारी फायरवॉल हे असते. कधी पत्ताच चुकलेला असतो, कधी खासगी जाळ्यात नेणारे व्हीपीएन सुरू करायचे राहिलेले असते. थोडक्यात, झटपट आलेल्या नकारासाठी सर्व्हरच्या यंत्रावर जावे आणि लांबलेल्या मौनासाठी मधल्या वाटेवर. नुसत्या घड्याळाकडे पाहूनही निम्मे निदान होते.

यंत्र उत्तर देते का हे पाहणाऱ्या पिंग या आज्ञेवर विसंबण्याची सवय मात्र घातक आहे. पिंग टीसीपीऐवजी आयसीएमपी हे वेगळे नियम वापरते आणि तिला पोर्ट ही गोष्टच ठाऊक नसते. पिंगला उत्तर आले म्हणून डेटाबेस सुरू आहे असे ठरत नाही. अनेक जाळ्यांत पिंग मुद्दाम बंद ठेवलेली असल्याने उत्तर न येणेही काही सांगत नाही. पोर्ट गाठूनच पाहावे लागते. त्यासाठी टेलनेट किंवा नेटकॅट पुरते, आणि विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा आहे. रूढ पोर्ट असे : मायएसक्यूएल ३३०६, पोस्टग्रेस ५४३२, एसक्यूएल सर्व्हर १४३३, ओरॅकल १५२१, मोंगोडीबी २७०१७, रेडिस ६३७९.

लोकलहोस्टचा घोटाळा

क्लायंट आणि सर्व्हर एकाच यंत्रावर असले की प्रश्नच उरत नाही असे वाटते, पण सर्वांत जास्त डोकेफोड इथेच होते. मायएसक्यूएलचा मूळ क्लायंट युनिक्स घराण्यातील यंत्रांवर ‘लोकलहोस्ट’ हा ‘हेच यंत्र’ अशा अर्थाचा शब्द पाहिला की टीसीपीच्या वाटेला जातच नाही. तो सॉकेट फाइल, म्हणजे एकाच यंत्रावरील प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलण्यासाठी असलेली खास फाइल, शोधतो. १२७.०.०.१ हा त्याच यंत्राचा आकडी पत्ता लिहिला तर मात्र तोच क्लायंट टीसीपीने जातो. त्यामुळे एकाच यंत्राची ही दोन नावे दोन वेगवेगळे संदेश देतात. सॉकेटने जमले नाही तर त्रुटी २००२, टीसीपीने जमले नाही तर २००३.

२००२च्या संदेशात शेवटी कंसात एक छोटा आकडा असतो आणि वाचणारे नेमका तोच सोडतात. तो ऑपरेटिंग सिस्टिमचा त्रुटीक्रमांक असतो. कंसात २ असेल तर त्या जागी सॉकेट फाइलच नाही : सर्व्हर बंद आहे, किंवा सर्व्हर फाइल एका डिरेक्टरीत ठेवतो आणि क्लायंट दुसरीत शोधतो. १३ असेल तर फाइल आहे, पण तिथवर जाण्याची परवानगी नाही. १११ असेल तर फाइल आहे, परवानगीही आहे, पण पलीकडे ऐकणारे कोणी नाही. सर्व्हर अचानक मेला आणि फाइल मागे राहिली की हे दिसते. मायएसक्यूएलसोबत मिळणाऱ्या ‘पीएरर’ या छोट्या साधनाला आकडा दिला की ते त्याचा अर्थ सांगते.

पोस्टग्रेसचा पीएसक्यूएल हा क्लायंटही यजमानाचे, म्हणजे सर्व्हरच्या यंत्राचे, नाव दिले नाही तर युनिक्स यंत्रांवर सॉकेटने जातो. तिथे ‘पीअर’ पद्धत लावलेली असली, तर पासवर्ड विचारलाच जात नाही; ऑपरेटिंग सिस्टिममधील वापरकर्त्याचे नाव आणि डेटाबेसमधील नाव जुळते का, एवढेच पाहिले जाते. पासवर्ड बरोबर असूनही ‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’ का येते, याचे उत्तर इथे आहे.

लोकलहोस्टचे आणखी दोन चकवे आहेत. हे नाव आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीतील ‘::१’ या पत्त्याकडेही नेऊ शकते. सर्व्हर फक्त १२७.०.०.१वर ऐकत असेल, तर तिकडे गेलेल्याला नकार मिळतो. जावास्क्रिप्टचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या नोड-जेएसच्या, २०२१ साली आलेल्या, १७व्या आवृत्तीने १२७.०.०.१सारखे जुन्या पद्धतीचे पत्ते पुढे आणण्यासाठी क्रम बदलणे सोडून दिले आणि तोवर सुरळीत चाललेले कित्येक प्रोग्रॅम यामुळे अडले. दुसरा चकवा कंटेनरचा, म्हणजे प्रोग्रॅम वेगळा ठेवून चालवणाऱ्या बंदिस्त कप्प्याचा. डॉकरमधील कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. शेजारच्या कंटेनरमधला डेटाबेस तिथे सापडणार नाही. त्याला जाळ्यातील त्याच्या सेवेच्या नावानेच हाक मारावी लागते.

सर्व्हर कोणासाठी ऐकतो

पोस्टग्रेस नव्याने बसवला की तो फक्त लोकलहोस्टवर ऐकतो. बाहेरून यायचे तर ‘लिसन_ॲड्रेसेस’ ही मांडणी बदलून सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. मायएसक्यूएलमध्ये हेच काम ‘बाइंड-ॲड्रेस’ करतो, आणि ‘स्किप-नेटवर्किंग’ चालू असेल तर टीसीपी पूर्णच बंद असते. सर्व्हर खरोखर कुठे ऐकतो हे कॉन्फिगरेशन फाइल वाचून ठरवू नये, कारण तीच फाइल वाचली जाते याची खात्री नसते. लिनक्सवर ‘एसएस’ किंवा ‘नेटस्टॅट’ चालवून उघडी पोर्ट पाहावीत. तिथे १२७.०.०.१:५४३२ दिसले, की बाहेरच्यांना दार बंद आहे हे कळते.

यावर उपाय म्हणून सर्रास ०.०.०.० लिहून मोकळे होतात, म्हणजे यंत्राच्या सर्व पत्त्यांवर ऐकणे सुरू होते. पासवर्ड आणि फायरवॉल नसताना असे केले तर काय होते ते २०१७च्या सुरुवातीला दिसले : इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून त्या जागी खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या. त्याच वर्षी आलेल्या ३.६ आवृत्तीपासून मोंगोडीबीही मुळात फक्त लोकलहोस्टवर ऐकू लागला. ‘आधी कनेक्ट तर होऊ दे, सुरक्षेचे नंतर बघू’ यातला ‘नंतर’ सहसा उजाडत नाही.

ओरॅकलमध्ये दारावर वेगळा द्वारपाल असतो, त्याला लिसनर म्हणतात. ओआरए-१२१५४ म्हणजे क्लायंटला दिलेल्या टोपणनावाचा पत्ताच सापडला नाही. अजून जाळ्यावर पाऊलही पडलेले नाही, तेव्हा क्लायंटच्या यंत्रावरील ‘टीएनएसनेम्स’ फाइल पाहावी. ओआरए-१२५४१ म्हणजे पत्ता मिळाला, पण तिथे लिसनर नाही. ओआरए-१२५१४ म्हणजे लिसनर भेटला, पण मागितलेली सर्व्हिस त्याला ठाऊक नाही. तीन क्रमांक आणि तीन वेगळे टप्पे; इतकी सुटसुटीत विभागणी इतरत्र क्वचितच मिळते. ‘टीएनएसपिंग’ मात्र लिसनरपाशीच थांबते. तिचा होकार म्हणजे डेटाबेस उघडा असल्याची हमी नव्हे.

एसक्यूएल सर्व्हरच्या नाव दिलेल्या इन्स्टन्सला, म्हणजे यंत्रावर वेगळ्या नावाने चालणाऱ्या त्याच्या प्रतीला, पोर्ट ठरलेले असतेच असे नाही. ते विचारण्यासाठी क्लायंट यूडीपी या टीसीपीहून वेगळ्या नियमांनी १४३४ या पोर्टवर ‘एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर’ या सेवेला (वेब ब्राउझर नव्हे) हाक मारतो. ती सेवा बंद असली किंवा ते पोर्ट अडवलेले असले, की ‘इन्स्टन्स सापडत नाही’ ही त्रुटी २६ येते. जानेवारी २००३मध्ये स्लॅमर हा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, याच पोर्टवरून जगभर पसरला होता, त्यामुळे ते अडवून ठेवणाऱ्यांना दोष देता येत नाही. इन्स्टन्सला कायमचे पोर्ट नेमून ते जोडणीच्या ओळीत लिहिणे हा सोपा मार्ग.

ओळख पटताना

इथपासून पुढे सर्व्हर बोलू लागतो, पण तो सगळे सांगत नाही. परक्या माणसाला ‘नाव बरोबर, पासवर्ड चुकीचा’ असे कळले तर त्याचे निम्मे काम झालेच, म्हणून क्लायंटला मुद्दाम मोघम उत्तर दिले जाते. खरे कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, असते. एसक्यूएल सर्व्हरची १८४५६ ही त्रुटी याचा नमुना. क्लायंटला ‘स्टेट १’ दिसते. लॉगमध्ये तीच ५ असेल तर त्या नावाचा वापरकर्ता नाही, ८ असेल तर पासवर्ड चुकला, ५८ असेल तर सर्व्हर फक्त विंडोजची ओळख मानतो आणि आलेला मात्र एसक्यूएल लॉगिन घेऊन आला आहे. ज्याच्या हाती सर्व्हरचा लॉग नाही, त्याने अंदाज बांधत बसण्यापेक्षा ज्याच्या हाती आहे त्याला वेळेसकट विचारावे.

मायएसक्यूएलची १०४५ अधिक बोलकी आहे. तिच्यात ‘युझिंग पासवर्ड’पुढे ‘येस’ किंवा ‘नो’ येते. ‘नो’ असेल तर पासवर्ड चुकलेला नाही, तो पाठवलाच गेलेला नाही. कॉन्फिगरेशनमधील चल (व्हेरिएबल) रिकामा राहिला असावा. त्याच संदेशात वापरकर्त्यापुढे यजमानाचे नाव असते; इथे यजमान म्हणजे क्लायंटचे यंत्र. क्लायंट सर्व्हरला कोणत्या पत्त्यावरून आलेला दिसला, ते त्यातून कळते. मायएसक्यूएलमध्ये खाते म्हणजे नाव आणि यजमान यांची जोडी असल्याने, एका पत्त्यावरून चालणारा पासवर्ड दुसऱ्यावरून चालेलच असे नाही. त्या पत्त्याला मुळी परवानगीच नसेल तर ११३० येते.

पोस्टग्रेसमध्ये हे नियम ‘पीजी_एचबीए’ फाइलीत ओळीओळीने असतात. वरून खाली वाचताना जी ओळ आधी जुळते तीच लागू होते. ती फसली तर पुढची पाहिली जात नाही. नवा नियम तळाशी लिहून ‘काहीच फरक पडत नाही’ म्हणणाऱ्याची वरची एखादी ओळ आधीच जुळत असते. कधी फरक न पडण्याचे कारण याहून साधे असते : फाइल बदलली, पण सर्व्हरला ती पुन्हा वाचायला सांगितलेच नाही.

आवृत्ती वाढवल्यावर अचानक जोडणी तुटली, तर पासवर्डची पद्धत बदलली का ते पाहावे. २०१८च्या मायएसक्यूएल ८.०ने मूळ पद्धत बदलली आणि जुने क्लायंट २०५९ देऊ लागले. पोस्टग्रेसने १४व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१पासून, नवे पासवर्ड स्क्रॅम पद्धतीने साठवणे हे मूळ धोरण केले. जुना जावा ड्रायव्हर (प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडून देणारा कोड) त्यावर ‘ऑथेंटिकेशन टाइप १० चालत नाही’ असे काहीसे म्हणतो. सर्व्हरला जुन्या पद्धतीवर परत नेता येते, पण ड्रायव्हर नवा घेणे हाच बरा इलाज. जोडणीची माहिती एकाच यूआरएलमध्ये लिहिली असेल आणि पासवर्डात ‘@’ असेल, तर त्यापुढचा भाग यजमानाचे नाव समजला जाण्याची भीती असते. तिथे टक्केचिन्हापुढे ४० असे सांकेतिक रूप लिहावे.

जागा नसणे आणि मध्येच तुटणे

सर्व काही बरोबर असूनही सर्व्हर ‘आता जागा नाही’ म्हणू शकतो. एकाच वेळच्या जोडण्यांची मूळ मर्यादा पोस्टग्रेसमध्ये १००, मायएसक्यूएलमध्ये १५१ आहे. ती वाढवण्याआधी या जोडण्या कोणी धरून ठेवल्या आहेत ते पाहावे; घेतलेली जोडणी परत न करणारा कोड असेल तर हजारही पुरणार नाहीत. दोन्ही सर्व्हर प्रशासकासाठी थोडी जागा राखून ठेवतात, तिचा उपयोग नेमका याच वेळी होतो. रोजच्या प्रोग्रॅमला प्रशासकाच्या खात्याने जोडणाऱ्यांनी ती सोयही आधीच घालवलेली असते.

काही जोडण्या होतात, पण बराच वेळ निपचित राहिल्या की मरतात. मायएसक्यूएल स्वस्थ बसलेली जोडणी मूळ मांडणीत २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी, तोडतो. रात्रभर कोणी न वापरलेला प्रोग्रॅम सकाळच्या पहिल्याच विनंतीला ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’ म्हणतो आणि दुसऱ्या विनंतीला सुरळीत चालतो, तो यामुळे. मधल्या फायरवॉलची मुदत याहून पुष्कळ कमी असू शकते, आणि फायरवॉल जोडणी तोडल्याचे कोणालाच कळवत नाही. लिनक्समध्ये टीसीपीची ‘जिवंत आहेस का’ ही विचारणा प्रोग्रॅमने मागितली तरच होते, आणि तीही मुळात ७,२०० सेकंदांच्या शांततेनंतर. ही मुदत फायरवॉलच्या मुदतीपेक्षा कमी ठेवली, किंवा जोडण्यांचा साठा ठेवणाऱ्या पूलला जोडणी हाती देण्याआधी ती तपासायला सांगितले, की सकाळची ही तक्रार थांबते.