रेड अलर्ट आणि शाळेची घंटा

रविवार, 7 जुलै 2024. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या पाली धबधब्यावर गेलेले अनेक जण पाणी अचानक वाढल्याने अडकून पडले आणि बचाव पथकांना त्यांना बाहेर काढावं लागलं. सोमवारी गोव्यात बारावीपर्यंतच्या शाळांना सुट्टी जाहीर झाली. पुढच्या सोमवारी, 15 जुलैला, रेड अलर्टमुळे पुन्हा सुट्टी. अशा सुट्टीनंतर घरोघरी तोच वाद रंगतो. पाऊस कोसळला तर निर्णय शहाणपणाचा, ऊन पडलं तर 'उगाच मुलांचा दिवस बुडवला'.

माझ्या मते हा निवाडाच चुकीच्या पद्धतीने केला जातो. निर्णय घेतला तेव्हा हातात कोणती माहिती होती, यावर तो योग्य की अयोग्य हे ठरायला हवं, दुसऱ्या दिवशी आभाळ कसं होतं यावर नव्हे. या प्रश्नाचा जास्त अभ्यास बर्फाळ प्रदेशांत झाला आहे. अमेरिकेतल्या बोस्टन, न्यूयॉर्कसारख्या शहरांना दर हिवाळ्यात हिमवादळाच्या आदल्या संध्याकाळी हेच ठरवावं लागतं.

तिथलं भाकीत आपल्यापेक्षा सोपं असतं असं नाही. ढोबळ हिशेबाने 1 मिलिमीटर पाण्याचा 1 सेंटिमीटर बर्फ होतो. म्हणजे 25 मिलिमीटर पाऊस पाडणारे ढग हवा पुरेशी थंड असेल तर 25 सेंटिमीटर बर्फ टाकतात आणि शहर ठप्प होतं. तेच ढग, तेवढंच पाणी, पण जमिनीलगतची हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर राहिली तर नुसता पाऊस पडतो आणि रस्ते ओले होतात. एवढ्या बारीक फरकावर लाखो मुलांची शाळा अवलंबून असते.

वादळात मुलांचे हाल कधी झाले हे पाहिलं, की वेळेचं महत्त्व कळतं. 12 जानेवारी 1888 रोजी अमेरिकेच्या मध्यभागातल्या मैदानी प्रदेशात सकाळ त्या ऋतूच्या मानाने उबदार होती. बरीच मुलं जाड कपडे न घालताच शाळेत गेली. शाळा चालू असताना हिमवादळ आदळलं, हाताच्या अंतरावरचं दिसेना. घरी निघालेली कितीतरी मुलं वाटेतच गारठून गेली. त्या वादळात सुमारे 235 माणसं दगावली आणि मृतांत शाळकरी मुलं इतकी होती, की त्याचं नावच 'शाळाघराचं हिमवादळ' असं पडलं.

सव्वाशे वर्षांनी, 28 जानेवारी 2014 रोजी, अटलांटा शहरात बर्फ पडला तो जेमतेम साडेसहा सेंटिमीटर. इशारा मिळालेला होता, तरी शाळा भरल्या. बर्फ सुरू झाल्यावर दुपारी शाळा, कचेऱ्या, दुकानं सगळी एकदमच सुटली. निसरड्या रस्त्यांवर गाड्यांची कोंडी झाली आणि हजारो मुलांनी ती रात्र शाळेत काढली, काहींनी तर बसमध्ये. आपल्याला यासाठी अमेरिकेत जायची गरज नाही. 26 जुलै 2005 ला मुंबईत पाऊस वाढला तो दुपारी, मुलं शाळेत आणि आईवडील कामावर असताना. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर नोंद झाली. त्याच शहरात कुलाब्याला शंभरसुद्धा नाही.

या तिन्ही प्रसंगांत संकट आलं तेव्हा मुलं घराबाहेर होती. सकाळी बंद असलेली शाळा मुलांना सुरक्षित ठेवते, आणि मजबूत इमारतीतली दिवसभर चालू राहिलेली शाळाही. जीव टांगणीला लागतो तो दुपारी बाराला अर्ध्यातून सोडलेल्या शाळेत, कारण तेव्हा बस नसते, घरी कोणी नसतं आणि ओहोळ फुगलेले असतात.

मग अभ्यासाचं काय? मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या शाळांची आकडेवारी तपासून अर्थशास्त्रज्ञ जोशुआ गुडमन यांनी 2014 साली एक निष्कर्ष मांडला. हिमवादळामुळे शाळा पूर्ण बंद राहिल्याने मुलांच्या गुणांवर परिणाम दिसत नाही. शाळा चालू असताना मुलं गैरहजर राहिली, की मात्र दिसतो. शिक्षकांना विचारलं तर ते हेच सांगतील. सगळ्यांचा दिवस बुडाला तर धडा उद्यावर ढकलता येतो. पण तीसपैकी चौदा मुलं आली, तर धडा पुढे न्यावा की थांबावा? पुढे नेला तर सोळा मुलं मागे पडतात, थांबलं तर चौदांची पायपीट फुकट जाते. पावसाळ्यात सत्तरी-सांग्याच्या आडगावातली मुलं याच पद्धतीने मागे पडत जातात.

चित्राची दुसरी बाजूही आहे. मेरीलँड राज्यात मार्कॉट आणि हेमेल्ट यांना बंद शाळांचा स्पष्ट तोटा दिसला. सरासरी पाच दिवस बुडालेल्या वर्षी तिसरीतल्या समाधानकारक गुण मिळवणाऱ्या मुलांचं प्रमाण जवळजवळ 3 टक्क्यांनी घटलं. तिथे परीक्षेची तारीख ठरलेली होती आणि बुडालेले दिवस भरून काढले जात ते परीक्षेनंतर. मला यातून आपल्यासाठी एक गोष्ट महत्त्वाची वाटते: बुडालेला दिवस परीक्षेआधी भरून निघतो की नाही. आपला मुसळधार जुलैमध्ये येतो, दहावीची परीक्षा शैक्षणिक वर्षाच्या शेवटी. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला 200 आणि सहावी ते आठवीला 220 दिवस घालून दिले आहेत. त्यातले दोन-चार दिवस भरून काढायला वेळ भरपूर असतो, फक्त ते खरोखर भरून काढायला हवेत.

आता भाकिताकडे वळू. हवामानशास्त्रात निर्णयाचं एक साधं गणित आहे. खबरदारीचा खर्च भागिले खबरदारी न घेतल्यास होणारं नुकसान. धोक्याची शक्यता या भागाकारापेक्षा जास्त असेल, तर खबरदारी घ्यावी. समजा, शाळा बंद ठेवण्याची किंमत 1 धरली आणि शाळा चालू असताना पूर आला तर होणारं नुकसान 5. मग धोक्याची शक्यता 20 टक्क्यांच्या वर गेली की सुट्टी योग्य. त्या उंबरठ्याशी घेतलेल्या पाच सुट्ट्यांपैकी चार दिवस फार काही घडणार नाही, आणि तरीही पाचही निर्णय बरोबरच असतील. कोरडी गेलेली सुट्टी म्हणजे हवामान खात्याची फजिती असं समजणं थांबवलं, तर या वादातली निम्मी कटुता जाईल.

पण या भागाकारात वरचा आकडा, म्हणजे शाळा बंद ठेवण्याची किंमत, सगळ्यांसाठी सारखा नाही. शाळा बंद म्हणजे माध्यान्ह आहार बंद. आपल्याकडे तो बहुतेक ठिकाणी महिला मंडळं आणि स्वयंसाहाय्य गट पुरवतात, म्हणजे त्या बायकांचंही त्या दिवसाचं काम जातं. रोजंदारीवर जाणाऱ्या आईला मुलाला कुठे ठेवायचं हा प्रश्न पडतो. कचेरीतल्या पालकांना रजा मिळते, तिला मिळत नाही. ऑनलाइन वर्ग हे यावरचं उत्तर नाही. 13 फेब्रुवारी 2024 ला न्यूयॉर्कने हिमवादळामुळे शाळा ऑनलाइन घेतल्या, तर कितीतरी मुलांना आणि शिक्षकांना लॉगिनच करता येईना. कोविडकाळात रेंजसाठी डोंगरावर चढून बसलेली मुलं गोव्याने पाहिली आहेत, आणि पावसात झाड तारांवर पडलं की वीजही जाते.

म्हणून मला वाटतं, सुट्टी सरसकट राज्याला देऊ नये, तालुकावार द्यावी. गोवा लहान असला तरी त्याचा पाऊस एकसारखा नाही. अरबी समुद्रावरून येणारे दमट वारे सह्याद्रीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि घाटपायथ्याशी जास्त पाणी टाकतात. घाटाजवळच्या वाळपईत धो धो पडत असताना समुद्रकाठच्या मुरगावात उघडीप असू शकते. हवामान खात्याचा इशारा जिल्हावार येतो, आणि उत्तर गोवा जिल्ह्यात मिरामारची वाळूही आहे आणि चोर्ला घाटही. नदीची पातळी, दरडीच्या जागा, बालरथ, म्हणजे शाळेची बस, ज्या पुलांवरून जातो ते पूल, ही माहिती तालुक्यालाच असते. सुट्टीचं क्षेत्र आवळलं, की भागाकारातला वरचा आकडा लहान होतो आणि जिथे खरा धोका आहे तिथे लवकर निर्णय घेता येतो.

'24 तासांत 204.4 मिलिमीटरपेक्षा जास्त' हे अत्यंत मुसळधार पावसाचं माप शाळेसाठी अपुरंही आहे. ते सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजलं जातं, म्हणजे आकडा येतो तेव्हा बऱ्याच शाळांची घंटा झालेली असते. दिवसभर संथपणे पडलेला 120 मिलिमीटर पाऊस गोव्याची जमीन बऱ्यापैकी सोसते. त्यातला निम्मा एका तासात पडला तर रस्त्यांची गटारं होतात. त्यात भरतीची वेळ असेल, तर पणजीसारख्या सखल भागातलं पाणी नदीत उतरायला वाटच मिळत नाही. पाऊस किती पडेल हे शक्यतेने सांगावं लागतं, पण भरती किती वाजता येणार हे कितीतरी महिने आधी कोष्टकात छापलेलं असतं. आपल्या पूर्वजांनी खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधांवर मानशी (पाणी आत-बाहेर सोडणारी दारं) बसवल्या त्या भरती-ओहोटीचं हेच वेळापत्रक ओळखून. तरी शाळेच्या सुट्टीच्या चर्चेत भरतीचं नाव क्वचितच निघतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाची भरती शाळा सुटण्याच्या वेळी येत असेल आणि मुसळधारचा इशाराही असेल, तर सखल भागातल्या शाळांनी आदल्या संध्याकाळीच निर्णय घ्यायला काहीच अडचण नाही.

निर्णय संध्याकाळी सातच्या आत व्हावा, म्हणजे मुलाला आजीकडे पोचवायचं की शेजारी ठेवायचं हे आईला ठरवता येईल. सात वाजून गेल्यावर इशारा बदलला तर पहाटे बालरथ निघण्याआधी दुसरा निरोप जावा. आणि एकदा मुलं शाळेत पोचली, की पाऊस ओसरून रस्ता मोकळा झाल्याची खात्री होईपर्यंत त्यांना सोडू नये. त्यासाठी प्रत्येक शाळेत एका रात्रीपुरते तांदूळ-डाळ, पिण्याचं पाणी, बॅटरीवरचे दिवे आणि पालकांच्या फोन नंबरांची कागदावर लिहिलेली यादी असावी, कारण वीज गेल्यावर मोबाईल फार वेळ चालत नाही.