गोल चौकातून वाहन चालवणे

गोल चौक : मध्यभागी बेट ठेवून त्याभोवती सर्व वाहने एकाच दिशेने फिरवणारा रस्त्यांचा छेद. बोलताना आपण त्याला ‘सर्कल’ म्हणतो. वाहतुकीच्या नियमांत ‘राउंडअबाउट’ हा शब्द येतो, तर रस्तेबांधणीच्या जुन्या कागदांत ‘रोटरी’. भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे येथे गोल चौकात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरायचे असते आणि बेट कायम चालकाच्या उजव्या हाताला राहते. देवळातली प्रदक्षिणाही याच दिशेने, देव उजवीकडे ठेवून घालतात. गाडी शिकणाऱ्याला दिशा लक्षात ठेवायला याहून सोपी खूण सापडणार नाही.

गोल चौकाचा सगळा कारभार एका नियमावर उभा आहे : आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे आणि शिरू पाहणाऱ्याने थांबायचे. मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ यांनीही आत असलेल्या वाहनांना अग्रक्रम दिला आहे. त्याआधीच्या १९८९ च्या विनियमांत, मुख्य रस्ता ठरवून दिलेला नसेल अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी, असे म्हटले होते. आपल्याकडे चौकात फिरणारे वाहन शिरणाऱ्याच्या उजवीकडूनच येते, म्हणून दोन्ही नियमांचे उत्तर एकच निघते. तोंडाशी उलटा त्रिकोण असलेली ‘वाट द्या’ ही पाटी असो वा नसो, मान उजवीकडे वळवायची, वेग उतरवायचा आणि मोकळी जागा दिसली की शिरायचे. दोरीवरच्या उड्या खेळताना तिसरी मुलगी जशी फिरत्या दोरीचा ताल बघून आत शिरते, तसेच हे आहे. तिथे दोरी तिच्यासाठी थांबत नाही आणि तीही उगाच ताटकळत नाही.

हा नियम केवळ सौजन्यापोटी आलेला नाही. शिरणाऱ्यालाच पुढे जाऊ दिले, तर आतली गाडी थांबते आणि तिच्यामागे रांग लागते. ही रांग मागच्या रस्त्याच्या तोंडापर्यंत पोहोचते, तिथून बाहेर पडू पाहणारे अडकतात आणि त्यांच्यामागे आणखी गाड्या साचतात. थोड्याच वेळात वर्तुळाची शेपटी त्याच्याच तोंडात येते. मग कोणालाच हलता येत नाही आणि हवालदाराने येऊन एक बाजू अडवल्याशिवाय ती गाठ सुटत नाही. सर्कलवरची कोंडी बहुतेक वेळा गाड्या फार झाल्या म्हणून जितकी होते, तितकीच प्रत्येकाने थोडे थोडे नाक पुढे घातले म्हणून होते. आपल्या शहरांत गोल पुष्कळ बांधले गेले, पण त्यांना चालवणारा नियम शिकवायचा राहून गेला.

या नियमाला जगातही तसा उशीरच झाला. न्यू यॉर्कमध्ये विल्यम फेल्प्स इनो यांच्या कल्पनेतून १९०५ च्या सुमारास कोलंबस सर्कलवर एकाच दिशेने फिरणारी वाहतूक सुरू झाली. पॅरिसमध्ये युजेन एनार यांनी आर्क द त्रियोंफ या विजयकमानीच्या भोवती १९०७ पासून तशीच पद्धत बसवली. पुढची अनेक दशके मोठमोठी वर्तुळे बांधली गेली, पण आधी कोणी जायचे हे नक्की नव्हते किंवा उलटे ठरले होते. ब्रिटनने नोव्हेंबर १९६६ मध्ये ‘उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या’ हा नियम गोल चौकांना लागू केला आणि तिथून आधुनिक गोल चौकाचा काळ सुरू झाला.

नियमाबरोबर आकारही बदलला. जुन्या कल्पनेत आत येणारी आणि बाहेर जाणारी वाहने चालत्या चालत्या एकमेकांत मिसळत, विणकामातल्या धाग्यांसारखी. त्यासाठी लांब तुकडे लागत आणि बेट अवाढव्य होई. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची १९७६ ची शिफारस याच विचाराची आहे. सर्व बाजूंनी मिळून तासाला सुमारे ३,००० वाहनांपर्यंत असा चौक नीट चालतो, असे ती सांगते आणि शहरातील चौकासाठी ताशी ३० किलोमीटरचा वेग धरते. वाट देण्याचा नियम आल्यावर मिसळायला लांब जागा उरली नाही तरी चालू लागले, कारण शिरणारा फक्त फट शोधतो. बेट लहान झाले, वळण घट्ट झाले आणि वेग आपोआप उतरला. २०१७ मध्ये रोड्स काँग्रेसनेही आपली मार्गदर्शक तत्त्वे सुधारली. मुंबईत माटुंग्याचे किंग्ज सर्कल, म्हणजेच माहेश्वरी उद्यान, हे पोटात बाग घेऊन बसलेल्या जुन्या, प्रशस्त गोलाचे चांगले उदाहरण आहे.

सुरक्षिततेचे गणित साधे आहे. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणी भिडतात, तर एका मार्गिकेच्या गोल चौकात फक्त ८ ठिकाणी. समोरासमोरची आणि थेट कुशीत बसणारी धडक जवळजवळ नाहीशी होते आणि उरते ती तिरकी, कमी वेगातली घासाघीस. अमेरिकेत साध्या चौकांचे गोल चौक केल्यावर जखमी होण्याचे अपघात सुमारे तीन चतुर्थांशांनी घटल्याचे अभ्यासांत दिसले. हा फायदा वेग कमी असण्यावर टिकून आहे. गोल भेदून सरळ रेषेत निघून जाता येत असेल, तर तो गोल उरत नाही.

एका मार्गिकेचा चौक : सर्व पद्धती यातूनच शिकाव्यात. डावीकडच्या पहिल्या रस्त्याला जायचे असेल तर चौकापूर्वीच डावा इंडिकेटर द्यावा आणि बाहेर पडेपर्यंत चालू ठेवावा. सरळ जायचे असेल तर शिरताना इंडिकेटर नको. आपल्या आधीचा रस्ता मागे पडला की डावा द्यावा. उजवीकडे किंवा यू-टर्न घ्यायचा असेल तर शिरताना उजवा, आणि आपल्या आधीच्या रस्त्याचे तोंड ओलांडल्यावर डावा. बाहेर पडतानाचा डावा इंडिकेटर आपल्याकडे सर्वांत कमी दिला जातो, आणि खरे तर तोच सर्वांत उपयोगाचा आहे. पुढच्या तोंडाशी थांबलेल्या माणसाला त्यातूनच कळते की ही गाडी आपल्यापर्यंत येणार नाही, आता निघायला हरकत नाही. सरळ जाणाऱ्याने चारही दिवे लुकलुकवणे, ही महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर पक्की बसलेली सवय चुकीची आहे. बाजूच्या चालकाला त्यातला एकच दिवा दिसतो आणि तो भलताच अर्थ काढतो.

रस्ता चुकला तर घाबरून ब्रेक मारू नये, मागे घेऊ नये, आडवे तर मुळीच घुसू नये. आणखी एक फेरी मारावी. साध्या चौकात चूक सुधारण्याची अशी सोय नसते.

दोन मार्गिकांचा चौक : येथे निर्णय शिरण्यापूर्वी व्हावा लागतो. डावीकडे जाणाऱ्याने डावी मार्गिका धरावी, उजवीकडे वळणाऱ्याने किंवा परत फिरणाऱ्याने बेटाला लागून असलेली उजवी. सरळ जाणाऱ्याने रस्त्यावरचे बाण पाहावेत. बाण नसतील तर डावी बरी. शिरताना दोन्ही मार्गिकांतल्या गाड्यांना वाट द्यायची असते. जवळची मार्गिका मोकळी दिसली म्हणून घुसणारा अनेकदा आतल्या मार्गिकेतून बाहेर पडणाऱ्याच्या वाटेत येतो. बाहेर पडताना डाव्या आरशात आणि खांद्यावरून मागे पाहणे अत्यावश्यक आहे, कारण आपल्याकडे डाव्या बाजूच्या फटीत एखादी दुचाकी असतेच.

अवजड वाहनांच्या बाजूला राहू नये. एसटी, ट्रेलर किंवा डंपर वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात आणि मोठे वाहन दोन्ही मार्गिका व्यापते. बेटाभोवती किंचित उंच, दगडी किंवा वेगळ्या रंगाची पट्टी दिसते ती ट्रकच्या मागच्या चाकांसाठी असते, मोटारींनी तिच्यावरून जायचे नसते. स्कूटरवाल्याने ट्रकच्या डावीकडून पुढे काढण्यापेक्षा त्याच्या मागे चार क्षण थांबावे. हे इथे मुद्दाम आग्रहाने लिहिले आहे, कारण त्या फटीतून सुटायला जागा नसते.

दुचाकीसाठी आणखी एक धोका पावसाळ्यातला. पाणी निघून जावे म्हणून गोल चौकाचा उतार बऱ्याचदा बाहेरच्या बाजूला असतो, म्हणजे वळणाला मदत करणाऱ्या उताराच्या नेमका उलट. त्यात वाहून आलेली वाळू, सांडलेले डिझेल आणि ओले पांढरे पट्टे यांची भर पडते. गाडी चौकापूर्वी सरळ असतानाच हळू करावी. कललेल्या गाडीला ब्रेक लावू नये.

छोटा गोल : जागा कमी असते तिथे रंगवलेला उंचवटा, आणि आपल्याकडे एखादा ड्रम किंवा सिमेंटची कुंडी, बेटाचे काम करते. ते लहान असले तरी पूर्ण वळसा घालूनच जायचे. उजवीकडे वळताना बेटाच्या अलीकडूनच कापून जाणे, म्हणजे ‘शॉर्टकट’, ही गोल चौकातली सर्वांत घातक चूक होय. समोरून नियमाने येणारा त्या बाजूला कोणाची अपेक्षाच करत नाही. छोट्या गोलात यू-टर्न शक्यतो टाळावा.

अशा पाच छोट्या गोलांची माळ ब्रिटनमधल्या स्विंडन शहरात आहे. रस्तेसंशोधक फ्रँक ब्लॅकमोर यांच्या आराखड्यानुसार १९७२ मध्ये तयार झालेल्या या ‘मॅजिक राउंडअबाउट’मध्ये छोटे गोल घड्याळाच्या दिशेने फिरतात, तर त्यांच्या मधले मोठे वर्तुळ उलट दिशेने. नवख्याला धडकी भरते, पण पद्धत तीच : पूर्ण चित्र डोक्यात न आणता समोरचा एक गोल घ्यावा, वाट द्यावी आणि पुढच्याकडे वळावे.

टर्बो चौक नेदरलँड्समध्ये लॅम्बर्टस फोर्टाइन यांनी विकसित केला. त्यात मार्गिका शंखासारख्या बाहेरच्या बाजूला उलगडत जातात आणि त्यांच्यामध्ये उंच पट्ट्या असतात, म्हणून आत गेल्यावर मार्गिका बदलता येत नाही. आधीच्या पाट्या वाचणे एवढेच चालकाच्या हाती असते.

सिग्नल बसवलेल्या गोलात सिग्नलचे ऐकावे. आत वर्तुळातही सिग्नल असू शकतो, त्यामुळे पहिला हिरवा मिळाला म्हणून सुसाट जाऊ नये. सिग्नल बंद पडला की पुन्हा उजवीकडच्याला वाट देण्याचा नियम लागू होतो. उड्डाणपुलाखालच्या गोलांत खांब नजर अडवतात आणि सेवा रस्त्यावरून उलट दिशेने येणारे वाहनही आडवे येते, तिथे वेग आणखी कमी ठेवावा.

महाराष्ट्रात चौकाच्या मधोमध पुतळा उभारण्याची प्रथा आहे. जयंतीला हार घालायला माणसे बेटावर जातात, फिरत्या वाहतुकीतून लहान मुलेही जातात. तेवढ्या दिवसांपुरता तो गोल पादचाऱ्यांचा समजून चालावे. एरवी पादचाऱ्याने बेटाकडे न जाता प्रत्येक रस्ता तोंडापासून एक-दोन गाड्या मागे ओलांडावा आणि बाहेर पडणाऱ्या चालकाने तिथे माणूस असेल असे धरूनच वळावे. कडेला लावलेले फ्लेक्स हे मात्र कोणत्याही सबबीवर खपवून घेऊ नयेत. उजवीकडून येणारी गाडी दिसणे हाच जिथे नियमाचा पाया आहे, तिथे तो फलक पायाच झाकून टाकतो.

रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला तर वर्तुळात थांबू नये. आपण आत असू तर जवळच्या तोंडाने बाहेर पडून कडेला घ्यावे. शिरलो नसू तर बाहेरच थांबावे.

परदेशात उजव्या बाजूने वाहने चालतात तिथे सगळे आरशातल्यासारखे होते. दुबई, मस्कत, दोहा येथे कामाला गेलेल्या मराठी चालकांना हे लवकर शिकावे लागते : फिरायचे घड्याळाच्या उलट, बेट डावीकडे आणि वाट द्यायची डावीकडून येणाऱ्याला. पॅरिसचा आर्क द त्रियोंफ मात्र अजूनही जुन्या रिवाजाने चालतो. तिथे बारा रस्त्यांनी शिरणाऱ्यांना अग्रक्रम असतो आणि आतले थांबतात.