कारणाचा रकाना : विदर्भातल्या मानसिक आजाराची पार्श्वभूमी

वऱ्हाडातल्या एखाद्या गावात कुणाची झोप उडाली, तो एकटाच बोलू लागला, घरच्यांच्याच हातचं खायला भिऊ लागला, की आधी एक शब्द येतो : 'बाहेरचं'. बरेच महिने, कधी दोन-तीन हंगाम गेल्यावर नाइलाजाने दुसरा येतो : 'डोक्यावर परिणाम झाला'. या दोन शब्दांमधला सगळा काळ उपचाराविना जातो. तो लांबतो याचं खापर अंधश्रद्धेवर फोडायची आपल्याला सवय आहे. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं सरकारी कागदांत सापडतं. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत मानसिक आजाराचा संबंध येईल असा जो जो कागद गावापर्यंत आला, त्यात 'कारण' नावाचा एक रकाना होता. तो कुणी भरला आणि काय लिहिल्याने कुटुंबाचं नुकसान झालं, हे पाहिल्याशिवाय इथली लपवाछपवी समजत नाही.

पागलखाना

१८५८च्या असायलम कायद्याने वेड्यांना ठेवण्याची सरकारी व्यवस्था उभी राहिली. मध्य प्रांतात नागपूर आणि जबलपूर इथे असायलम होती. नागपूरचं सुरू झालं १८६४मध्ये. आजचं प्रादेशिक मनोरुग्णालय ते हेच. लोकांनी त्याला पागलखाना म्हटलं आणि हा शब्द नागपुरात एका चौकाच्या नावाने अजून बोलला जातो. 'त्याले नागपूरले न्या लागते' या वाक्याचा अर्थ विदर्भात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

तिथे जाण्याची वाट दवाखान्यातून नव्हती, ठाण्यातून होती. भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा माणूस पोलीस उचलायचे, मॅजिस्ट्रेटसमोर उभा करायचे, डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडलं जायचं आणि हुकूम निघायचा. चोराची आणि आजाऱ्याची वरात एकाच रस्त्याने निघाली, की बघणाऱ्या गावाने दोघांत फरक का करावा? पोलिसांच्या मागे जाणाऱ्या माणसाला गाव आजारी म्हणत नाही.

सोबतच्या कागदावर नाव, वय, जात, धंदा आणि वेडाचं कारण लिहिलेलं असे. १८९३-९४मध्ये भांग-गांजाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने देशभरातल्या असायलमचे हे कागद तपासले. वेडाचं कारण म्हणून 'गांजा' अशी नोंद जागोजागी होती. खोलात गेल्यावर दिसलं, की बरेचदा ती डॉक्टरने तपासून लिहिलेलीच नव्हती. रकाना रिकामा ठेवायचा नाही म्हणून पोलिसांनी ऐकीव माहितीवर काहीतरी भरलं होतं आणि असायलमने ते तसंच वहीत उतरवलं होतं. आयोगाने अशा आकड्यांवर भरवसा ठेवायला नकार दिला. पण समजूत गावात उतरलीच : माणूस वेडा होतो तो स्वतःच्या वागण्याने, व्यसनाने, वाईट चालीने. आजही रुग्णाच्या आईला पहिला प्रश्न विचारला जातो तो 'काही खात-पीत होता का?'

१९१२च्या कायद्याने तरतुदी वाढवल्या, वाट तीच ठेवली. १९२०च्या सुमारास पाटी बदलून 'मेंटल हॉस्पिटल' झाली. १९८७चा मानसिक आरोग्य कायदा प्रत्यक्षात लागू झाला १ एप्रिल १९९३ला. म्हणजे टीव्ही गावात येऊन बसला तेव्हाही विदर्भातला रुग्ण १९१२च्या कायद्याखाली 'ल्युनॅटिक' होता.

बाहेरचं

'बाहेरचं' हा शब्द नुसता अडाणीपणाचा मानला की त्याची ताकद लक्षात येत नाही. आजार बाहेरून आला म्हणजे तो रक्तातला नाही, आईबापाच्या वागण्याचा नाही आणि आला तसा निघूनही जाईल. सोयरीक जुळवायची असलेल्या घराला याहून सोयीचं निदान दुसरं नाही. कायद्याचंही भय होतं. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६च्या दुरुस्तीने वेडासोबत अपस्मार, म्हणजे फिट येणं, हाही विवाहाच्या आड येणारा दोष ठरला. तो १९९९मध्ये वगळला, पण गावाच्या मनातून अजून निघालेला नाही.

बुलढाणा जिल्ह्यात सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते आणि आजाऱ्यांना घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं मुक्कामाला येतात. त्यात सगळ्या धर्मांचे लोक असतात. मेळघाटात कोरकू आदिवासींचा भुमका, म्हणजे भगत आहे, गडचिरोलीकडे पुजारी. या सगळ्या ठिकाणांत एक गोष्ट सारखी आहे : तिथे वही नाही. नाव लिहिलं जात नाही, पोलीस विचारत नाहीत आणि घरचा माणूस सोबत राहू शकतो. असायलममध्ये सगळं याच्या उलट होतं.

पण अशा श्रद्धास्थानी जे चुकतं तेही गंभीर आहे. साखळीने पायाला होणाऱ्या जखमा, धुरीने कोंडणारा श्वास, उपासाने खालावलेली तब्येत आणि सगळ्यात घातक म्हणजे हातातून गेलेले महिने. भ्रम-भास होणारा आजार जितका काळ उपचाराविना राहतो तितका तो बरा व्हायला जड जातो. तामिळनाडूत एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ला दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला आग लागली, तेव्हा बांधून ठेवलेल्या रुग्णांना पळता आलं नाही. २८ माणसं मेली. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३चा. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने वा साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं हे त्याने गुन्हे ठरवले; शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं आणि दंड ५ हजार ते ५० हजार. शेंडगावच्या गाडगेबाबांनी अंगारे-धुपाऱ्यांविरुद्ध कीर्तनं केली ती याच मुलखात, त्याच्या कितीतरी आधी.

श्रद्धास्थानाशी भांडण काढून मात्र रुग्ण दवाखान्यात येत नाही. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' अशी सोय झाली. मुजावर, म्हणजे दर्ग्याचा सेवेकरी, दुआ देतो आणि आवारातल्या डॉक्टरकडेही पाठवतो. आमच्या मते हाच रस्ता व्यवहाराचा आहे. 'दोरा बांधा, पण गोळी चुकवू नका' हे वाक्य आशाताईच्या तोंडी जितकं काम करतं तितकं व्याख्यान करत नाही.

गोळी आली, पण

एका आजाराचा कलंक औषधाने कसा ढिला पडतो, हे विदर्भाने जवळून पाहिलंय. दत्तपूर आणि आनंदवन या कुष्ठरोग्यांच्या वसाहती, त्यांना गावाबाहेर काढण्याच्या काळातल्या. कुष्ठरोगावर एकाच वेळी अनेक औषधं देण्याचा बहुविध औषधोपचार देशात सुरू झाला तेव्हा पहिल्या जिल्ह्यांत वर्धा होता, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. ठरावीक महिने गोळ्या, मग उपचार पूर्ण. आजार बरा होतो हे शेजाऱ्याला डोळ्यांनी दिसलं आणि वाळीत टाकणं सैल झालं.

मानसिक आजाराची औषधं त्याआधीच आली होती. उन्मादावर लिथियमचा उपयोग १९४९मध्ये कळला, भ्रम-भासावरचं क्लोरप्रोमाझिन १९५२मध्ये वापरात आलं, नैराश्यावरचं इमिप्रामिन १९५७च्या सुमारास. सर्पगंधा उन्मादावर चालते हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या भारतीय डॉक्टरांनी १९३१मध्येच मांडलं होतं. मग कुष्ठरोगासारखं इथे का घडलं नाही? कारण गोळीचा हिशेब वेगळा आहे आणि तो घरच्यांना कुणी नीट सांगत नाही.

नैराश्याच्या गोळीने फरक दिसायला २ ते ४ आठवडे लागतात. तोंड कोरडं पडणं, मळमळ, गुंगी मात्र पहिल्याच दिवशी सुरू होते. म्हणून बरेच जण पहिल्या आठवड्यातच गोळी सोडतात आणि 'झोपेची गोळी देते डॉक्टर' असं गावभर होतं. पहिल्यांदाच नैराश्य आलेलं असेल, तर बरं वाटल्यावरही ६ ते ९ महिने गोळी चालू ठेवावी लागते. भ्रम-भासाच्या आजारात त्याहून बरीच जास्त. त्या औषधांनी हात थरथरतात, अंग ताठरतं. हा दुष्परिणाम आहे, आजार वाढल्याची खूण नाही, आणि त्यावर उपाय आहे. पण तो सांगितला नाही तर घरचे म्हणतात 'औषधानंच वाया गेला'. पेरणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तालुक्याची फेरी चुकते, गोळ्या संपतात आणि दिवाळीनंतर आजार उलटतो. अशांसाठी २ ते ४ आठवड्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन मिळतं. ते डॉक्टरला आठवणीने विचारावं.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण पुस्तकातलं हवामान आपलं नसतं. अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढेही जातो. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी आणि मीठ घटलं, की रक्तातलं औषध वाढतं. जोराची थरथर, उलट्या, जुलाब, झोकांड्या दिसल्या तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. अंगदुखीसाठी किराणा दुकानातली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतली तरी हेच होऊ शकतं. लिथियमची तपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त देऊन करतात. भ्रम-भासावरच्या औषधांनी येणाऱ्या थरथरीवर दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलने घाम कमी येतो, म्हणून अशा रुग्णाने भर दुपारी वखरायला, निंदायला जाऊ नये. हे न सांगता दिलेल्या गोळीनेच गोळीची बदनामी होते.

पात्र, अपात्र

१९९०च्या दशकाच्या शेवटापासून शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भाचं नाव देशभर गेलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा हे सहा जिल्हे शेतकऱ्यांसाठीच्या २००६च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये होते. मृताच्या कुटुंबाला राज्याची १ लाखाची मदत ठरली : ३० हजार लगेच, ७० हजार ठेवीत. त्यासाठी शेती कुटुंबाच्या नावे हवी, कर्ज बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकाराचं हवं आणि वसुलीचा तगादा हवा. जिल्हा समिती 'पात्र' की 'अपात्र' ठरवते. आणि इथे पुन्हा कारणाचा रकाना आला. त्यात आजार, दारू किंवा घरचं भांडण लिहिलं गेलं, की प्रकरण अपात्रतेकडे झुकतं.

अशा स्थितीत कोणती विधवा सांगेल, की चार महिने ते जेवत नव्हते, 'मन लागत नाही' म्हणत होते? कर्ज खरंच होतं आणि नैराश्यही खरंच होतं. एकाने दुसरं वाढवलं. पण कागदाला एकच कारण हवं होतं. कर्जाची बाजू मांडणाऱ्यांना भीती, की मानसिक आजार म्हटलं तर सरकार भावाच्या आणि सिंचनाच्या प्रश्नातून सुटेल. ती भीती निराधार नव्हती. परिणाम मात्र असा झाला, की मागे राहिलेल्या बायकोच्या, भावाच्या, मुलाच्या नैराश्याचंही नाव कुणी घेतलं नाही.

वाचलेल्यांची गत आणखी वेगळी. भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा मानत होतं. म्हणून दवाखान्यात 'फवारताना औषध पोटात गेलं' असं सांगितलं जाई. पोटाचा उपचार व्हायचा, मनाचा नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरून त्याला शिक्षेपासून वाचवलं आणि उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ सारखं सरसकट कलम उरलेलं नाही. तरी जुनं उत्तर सवयीने दिलं जातंच. आशाताई, पोलीस पाटील आणि तालुका दवाखान्याने हा बदल नातेवाइकांना स्पष्ट शब्दांत सांगायला हवा.

वहीत नवा प्रश्न

देशाचा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा, जिल्हा कार्यक्रम १९९६चा. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यं होती. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते, महाराष्ट्र नव्हता. विदर्भाबद्दल नेमकं काही सांगणारं काम दुसरीकडून आलं. 'विश्राम' हा उपक्रम अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत चालला. गावातलेच कार्यकर्ते, प्रशिक्षित समुपदेशक आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ अशी उतरंड होती. १८ महिन्यांत नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१५च्या सुमारास राज्याने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प आणला. त्यात आशाताई घरोघरी जाऊन विचारपूस करतात.

विचारायचं कसं, यावर बरंच अवलंबून असतं. 'डिप्रेशन आहे का' याला उत्तर 'नाही'च येतं. 'दोन आठवड्यांत कामात मन लागते का? झोप लागते का? जीव घाबरते का?' असं विचारलं की माणूस बोलतो. 'टेन्शन' हा शब्द तर वऱ्हाडीच झालाय. त्याला कलंक नाही, म्हणून सुरुवात त्यानेच करावी. 'जगून काय फायदा असं वाटते का' हेही थेट विचारावं. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उत्तर हो आलं, तर त्या माणसाला एकटं सोडू नये, घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी दुसऱ्याच्या कुलपात ठेवावं आणि १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेच्या, मोफत क्रमांकावर बोलावं. हा क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे.

२०१७चा कायदा २०१८मध्ये लागू झाला. भटकणारा रुग्ण सापडला, तर पोलिसांनी त्याला २४ तासांत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. साखळी बांधायला बंदी आहे. बहुतेकांना आता स्वतःच्या संमतीने दाखल होता येतं, मॅजिस्ट्रेट लागत नाही. आणि कलम १४खाली सज्ञान माणूस आपला प्रतिनिधी नेमू शकतो : आजार बळावला तर माझ्या वतीने कोणी बोलायचं. त्यासाठी स्टॅम्प पेपर नको. साध्या कागदावर लिहायचं आणि सही किंवा अंगठा करायचा. नेमायचा तो भाऊच असला पाहिजे असं नाही, विश्वासातला शेजारीही चालतो, मात्र त्याचा होकार हवा. हे नाव पुढे केव्हाही बदलता येतं. कागद तब्येत सावरलेली असताना लिहावा, एक प्रत केसपेपरला लावावी, एक घरी ठेवावी. त्यात कारणाचा रकाना नाही.