'कर्ता' कोणाला म्हणायचे? बायबलच्या ईश्वरकर्तृत्वामागचा इतिहास

बायबल हे देवाचे वचन आहे, यावर ख्रिस्ती पंथांत फारसे दुमत नाही. दुमत आहे ते 'देवाचे' म्हणजे नेमके कशा अर्थाने, यावर. आणि हा वाद समजला जातो तितका जुना नाही.

सुरुवातीच्या शतकांत प्रश्नच वेगळा होता. इस्राएलचा देव निराळा आणि येशूने सांगितलेला पिता निराळा, असे दुसऱ्या शतकात काही गट म्हणू लागले होते. जुना आणि नवा, बायबलच्या या दोन्ही करारांचा कर्ता एकच देव, हे सूत्र म्हणजे त्यांना दिलेले उत्तर. गॉल प्रांतातल्या (आजच्या फ्रान्सकडच्या) पाचव्या शतकाच्या एका नियमावलीत तर बिशप होऊ घातलेल्या माणसाला दीक्षेआधी हे विचारून घ्यावे, असे कलमच आहे.

यातला लॅटिन शब्द 'आउक्तोर'. त्याचा अर्थ लेखक असा होतो, तसाच मूळपुरुष, प्रवर्तक, हमी देणारा असाही होतो. मराठीतला 'कर्ता' त्याच्या बराच जवळचा आहे: घरचा कर्ता पुरुष घरातली प्रत्येक गोष्ट स्वतःच्या हाताने करत नाही. शिवाय सूत्रात ज्याचा कर्ता म्हटले आहे तो 'करार' आहे. कराराचा कर्ता आणि पुस्तकाचा कर्ता यांत केवढे अंतर! १४४२ आणि १५४६ च्या कॅथलिक धर्मपरिषदांनी सूत्राला ग्रंथांची यादी जोडली. १८७० च्या परिषदेत तर पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने लिहिलेल्या या ग्रंथांचा कर्ता देव आहे, असे थेट शब्द आले. जुन्या सूत्रावर नवे ओझे चढले ते असे.

खुद्द बायबल याबाबत थोडेच बोलते. २ तीमथ्य ३:१६ मधला 'ईश्वरप्रेरित' हा ग्रीक शब्द अक्षरशः 'देवाने फुंकलेला' असा आहे आणि नव्या करारात तो एकदाच येतो. तिथले 'शास्त्र' म्हणजे मुख्यतः इब्री ग्रंथ. आजच्या नव्या करारातल्या नेमक्या २७ पुस्तकांची यादी ३६७ सालच्या एका पत्रात प्रथम दिसते. उलट शुभवर्तमान लिहिणारा लूक सुरुवातीलाच सांगतो की आपण सगळ्याचा नीट शोध घेऊन लिहीत आहोत, आणि करिंथकरांना लिहिताना पौल मध्येच म्हणतो की आणखी कोणाचा बाप्तिस्मा केला ते आठवत नाही. (वेदांसाठी वापरला जाणारा 'अपौरुषेय' हा शब्द म्हणूनच इथे बसत नाही. मीमांसकांच्या मते वेदांना कर्ताच नाही. बायबलला दोन आहेत, देव आणि माणूस, आणि अडचण तीच आहे.)

भूगर्भशास्त्र आणि ग्रंथचिकित्सा पुढे आल्यावर एकोणिसाव्या शतकात 'चूक' हा शब्द मध्यभागी आला. १८८१ मध्ये दोन अमेरिकन धर्मपंडितांनी मांडले की बायबलचे निर्दोषत्व, म्हणजे त्यात चूक नसणे, हे मूळ हस्तलिखितांचे आहे. ती हस्तलिखिते आज कुणाकडेच नाहीत, त्यामुळे हा दावा तपासायचा कसा हे कळत नाही. १८९३ च्या पोपच्या पत्राने प्रेरणा केवळ श्रद्धा आणि नीतीपुरती मर्यादित करायला नकार दिला. १९४३ च्या पत्राने मात्र लेखनप्रकार ओळखून वाचा, असे सांगितले.

खरी ओढाताण झाली ती रोममधल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, कॅथलिक बिशपांच्या सभेत. नोव्हेंबर १९६२ मध्ये या विषयावरच्या दस्तऐवजाच्या पहिल्या मसुद्याच्या विरोधात १,३६८ आणि बाजूने ८२२ मते पडली. तो फेटाळायला दोन-तृतीयांश मते हवी होती, ती थोडक्यात हुकली. तरीही पोपने तो मागे घ्यायला लावला. ऑक्टोबर १९६४ मध्ये एका कार्डिनलने भर सभेत उदाहरण दिले: दावीदाने समर्पित भाकरी खाल्ल्या तेव्हा अब्याथार महायाजक होता असे मार्क २:२६ म्हणते, पण १ शमुवेल २१ मध्ये तो याजक अहीमलेख आहे. पुढच्या मसुद्यात बायबल 'तारणदायी सत्य' शिकवते असा शब्दप्रयोग आला. त्यावरही आक्षेप निघाला, की या विशेषणाने बायबलचे दोन तुकडे पडतील, एक तारणाचा आणि दुसरा चुका चालतील असा. शेवटी विशेषण गेले आणि 'आपल्या तारणासाठी देवाने लिहवून घेतलेले सत्य' अशी रचना ठरली. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी अंतिम मतदान झाले: बाजूने २,३४४, विरुद्ध ६. तारण ही सत्याची मर्यादा की फक्त त्याचा हेतू, हे वाक्य मुद्दाम उघड करत नाही. म्हणूनच ते मंजूर झाले, असे मला वाटते.

प्रॉटेस्टंटांच्या एका मोठ्या गटाला अशी पळवाट नको होती. १९७८ मध्ये शिकागोत जमलेल्या पंडितांनी १९ कलमी निवेदन काढले. निर्दोषत्व इतिहास आणि विज्ञानालाही लागू आहे, असे त्यात स्पष्ट आहे. गंमत म्हणजे देवाने लेखकांचे व्यक्तिमत्त्व दडपले नाही, हेही तिथे आहेच. निव्वळ श्रुतलेखन दोन्ही बाजूंना मान्य नाही.

१९६५ च्या दस्तऐवजात तारणाचे ते वाक्य ज्या परिच्छेदात आहे, त्यातच आणखी एक गोष्ट आहे. लिहिणाऱ्या माणसांना तिथे 'खरे कर्ते' म्हटले आहे, आणि त्यासाठी शब्द वापरला आहे तोच, आउक्तोर, अनेकवचनात.